आजीबाईची फांदी

सरांच्या खोलीतून आवाज चढला की व्हरांड्यात चहा पीत उभी असलेली पोरं हळूच विचारायची, "खुसपट आत आहे वाटतं?" असायचीच ती. मग थोड्या वेळानं ती जाताना दार असं काही आपटायची की भिंतीवरच्या तसबिरी हलायच्या आणि पोरं कप घेऊन पांगायची. दार आपटलं म्हणजे आजचा कार्यक्रम संपला.

खुसपट हे नाव तिला कुणी दिलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्यानं दिलं त्यानं डोळे उघडे ठेवून दिलं होतं. कुणी म्हटलं, "आज नमुने चांगले आलेत," की ही म्हणणार, "चांगले म्हणजे कुणाच्या मानानं?" कुणी वाढदिवसाचा केक कापायला घेतला की ही बाजूला उभी राहून विचारणार, तुझा जन्म सकाळचा की संध्याकाळचा, कारण संध्याकाळचा असेल तर अजून वर्ष पुरं व्हायचंय. अशा माणसाला केक कोण देणार? देत नसत. तिलाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. चाळिशीला टेकलेली बाई, सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. तिच्यामागून आलेली पोरं डॉक्टर झाली, लग्नं करून मोकळी झाली, काहींना टक्कलंसुद्धा पडली. ही आपली खिडकीजवळच्या त्याच डगमगत्या टेबलावर. टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता, तोही तिच्याइतकाच जुना.

आता तिचा प्रबंध एकदाचा लिहून होत आला होता आणि शेवटची मुदतवाढ चालू होती. या सत्रात सरांची सही होऊन प्रबंध गेला नाही तर नाव कटणार होतं. सगळी उमेदीची वर्षं पाण्यात. आणि सही करणार कोण? तर ज्यांच्याशी तिचं उभ्या जन्मात पटलं नाही ते सर.

सरांबद्दल सांगायचं तर आधी माशाबद्दल सांगायला हवं, कारण सरांचं सगळं मोठेपण त्या माशाच्या पाठीवर बसलेलं होतं. तरुणपणी सर एका गुहेत उतरले होते आणि तिथल्या पाण्यातून एक फिकट, बिनडोळ्यांचा मासा घेऊन वर आले होते. त्याचा डीएनए त्यांनी वाचला. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब ओळ. गुहेतल्या माशाची ओळ, बाहेरच्या ओढ्यांतल्या त्याच्या नातेवाइकांच्या ओळी, सगळ्या एकाखाली एक मांडायच्या आणि कोण कुणापासून कुठे वेगळा आहे ते कॉम्प्युटरला बघायला लावायचं. त्यावरून तो वंशाचं झाड काढून देतो: हे सख्खे, हे चुलत, हे फार लांबचे. सरांच्या झाडात आंधळा मासा आला अगदी तळाच्या फांदीवर. बाकीच्या सगळ्यांच्या आधी फुटलेला. म्हणजे साऱ्या कुळाची आजी! त्या झाडाचं चित्र चौकटीत घालून व्हरांड्यात लावलेलं होतं, त्या माशाचे वंशज सरांच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत फिरत होते आणि अख्खी प्रयोगशाळा त्यांना आजीबाई म्हणायची. पाहुणे आले की सर टाकीपाशी उभे राहून सांगायचे, "हिला नमस्कार करा, ही सगळ्यांत वडील आहे." पाहुणे हसायचे. खुसपट हसायची नाही.

कारण कॉम्प्युटर काही ब्रह्मदेव नाही. त्याला आधी सांगावं लागतं की काय गृहीत धर. अक्षरं बदलतात ती सगळी एकाच वेगानं बदलतात, की काही भराभर आणि काही मुळीच नाही? झाडाचं मूळ कुठे आहे ते कळावं म्हणून तुलनेला कुठला परका मासा घ्यायचा? हे तुम्ही सांगाल तसं तो धरून चालतो आणि झाड काढतो. सरांनी त्या काळी धरलं होतं की सगळी अक्षरं सारख्याच वेगानं बदलतात. तेव्हा सगळेच तसं धरायचे, यात सरांचा दोष नाही. दोष पुढचा. पुढे लोकांनी तसं धरणं सोडलं, सरांनी सोडलं नाही.

आणि गंमत बघा, धोंडा त्यांनी स्वतःच स्वतःच्या पायावर पाडून घेतला. तिच्या प्रबंधाला एक प्रकरण कमी पडत होतं. सर म्हणाले, "माझंच झाड घे. गृहीतकं एकेक करून बदल आणि तपास. हलणार नाही, पण तपासलं असं लिहिता येईल." एवढं म्हणून ते चहा प्यायला गेले. खुसपटला खुसपट काढायला सांगायचं म्हणजे मांजराला दुधावर बसवण्यातलाच प्रकार.

तिनं एकेक गृहीतक बदललं. बऱ्याचदा झाड खरंच हललं नाही. मग तिनं अक्षरांना वेगवेगळ्या वेगानं बदलायची मुभा दिली, तुलनेला घेतलेला फार दूरचा मासा काढून जवळचा घेतला, आणि आजीबाई तळाच्या फांदीवरून उठली ती थेट वर जाऊन बसली. कुणाशेजारी? तर गुहेच्या तोंडाशी वाहणाऱ्या ओढ्यातल्या एका साध्या, मातकट माशाशेजारी. सख्खी बहीण त्याची! म्हणजे आजी कसली, कालची पोर. ओढ्यातून गुहेत शिरली, अंधारात राहिली, डोळे गेले, संपलं.

असं का व्हावं? कारण सोपं आहे. समजा, एका खोलीत सगळे एकमेकांचे नातेवाईक बसलेत आणि त्यात दोन अगदी अनोळखी माणसं आहेत. त्यांचा चेहरा कुणाशीच जुळत नाही. बाहेरून बघणारा म्हणतो, हे दोघं भाऊभाऊ असणार. अरे बाबा, ते दोघं इतरांसारखे दिसत नाहीत एवढंच खरं. एकमेकांचे कोणी लागत नाहीत! आंधळ्या माशाची अक्षरं फार भराभर बदललेली, दूरच्या परक्या माशाचीही तशीच. सरांच्या रीतीनं दोघांना भाऊ ठरवलं आणि परक्यानं आजीला ओढत तळाशी नेलं.

सोमवारच्या बैठकीत तिनं हे पडद्यावर दाखवलं. हळूच नाही, हं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आजी की नात?' पोरांच्या घशात चहा अडकला.

सरांनी कप खाली ठेवला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "किती प्रकारे चालवून बघितलंस?"

"पुष्कळ प्रकारे."

"त्यांतल्या किती प्रकारांत माझं झाड आलं?"

"बऱ्याच."

"आणि तुझं आल्यावर?"

ती पडद्यावरचं पान पुढे सरकवायला लागली.

"थांबलीस! बरोबर ना?" आता आवाज चढला. "हवं ते येईपर्यंत बटणं दाबलीस आणि आलं की हात झटकून उठलीस. याला तपासणी म्हणतात? ही खुन्नस आहे खुन्नस! खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? हे प्रकरण प्रबंधातून काढ, नाहीतर सहीला माझ्याकडे येऊ नकोस."

दार आपटलं. तसबिरी हलल्या.

पण घरी जाताना तिला खुपत होती ती सही नव्हे. म्हातारा खरं बोलला होता. ती थांबली होतीच. सरांचं झाड मोडलेलं बघून तिला इतका आनंद झाला होता की पुढे तपासायचं तिच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणारी ही बाई, आणि हिचंच मुसळ त्या माणसानं सगळ्यांसमोर बाहेर काढून दाखवलं. तिला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की जिन्यात शेजारीण "बरं आहे ना?" म्हणाली तिच्यावरही ती खेकसली.

घरी आई आणि बाबा. आई ताट वाढता वाढता म्हणाली, "झालं का तुझं झाड? एका झाडाला एवढी वर्षं! लाकूडतोड्यानं एव्हाना जंगल संपवून दुसरा धंदा काढला असता."

"आई, तू गप्प बस."

"गप्पच आहे. तुझं नाव कटलं की बोलेन."

बाबा एके काळी वीजमीटर तपासायचे. घरोघर जाऊन मीटर खरं सांगतंय की खोटं ते ठरवायचं, असलं काम. लोकांनी त्यांना दारातून हाकललं, त्यांच्यावर कुत्री सोडली, एकदा वरच्या मजल्यावरून कुणीतरी भांडी घासलेलं पाणी ओतलं. निवृत्त होऊन जमाना झाला तरी जेवताना बाबा त्या गावभरच्या लबाड लोकांना शिव्या घालायचे. जित्याची खोड. त्या दिवशीही सुरू झाले.

"तो किराणावाला! म्हणे, साहेब, मीटर चांगलं चालतंय, बघा ना, दिवे लावले की फिरतंय. अरे गाढवा, दिवे लावल्यावर फिरतं यात काय मोठंसं? मी म्हटलं, घरातलं सगळं बंद कर. दिवे, पंखे, सगळं. मग बघ. बंद केलं, तरी चकती गरगर फिरतेय! तोंड बघायला हवं होतं त्याचं."

"ऐकलंय आम्ही हे," आई म्हणाली.

खुसपटनंही ऐकलं होतं, लहानपणापासून. पण आज तिचा घास हातातच राहिला. सगळं बंद कर, मग बघ. खरं काय ते आपल्याला आधीच माहीत असेल तरच मीटर खोटं बोलतंय का ते कळणार. खऱ्या माशाचं खरं नातं कुणालाच माहीत नाही, त्यावर कितीही रिती चालवा, भांडण संपायचं नाही. पण खोटे मासे केले तर?

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. कॉम्प्युटरवरच तिनं खोट्या माशांच्या अक्षरांच्या ओळी तयार केल्या. एका संचात आंधळा मासा ओढ्यातल्या माशाची बहीण, असं तिनं स्वतः ठरवून ठेवलं. दुसऱ्यात तो तळाचा, खरीखुरी आजी. मग दोन्ही संच दोन्ही रितींनी चालवले, पुन्हा पुन्हा, आणि या खेपेला मधेच थांबली नाही. तिच्या रीतीनं बहिणीला बहीण म्हटलं आणि आजीला आजी. सरांची रीत? बहीण असो की आजी, सगळ्याला आजीच! घरातलं सगळं बंद, तरी चकती गरगर.

हे तिनं शांतपणे लिहून काढायला हवं होतं. एखाद्या शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण तिला शहाणपण नको होतं, तिला सरांचं तोंड बघायचं होतं.

पुढच्या सोमवारी ती म्हणाली, "सर, दोन नवे संच तयार आहेत. तुमच्याच रीतीनं तुम्हीच चालवून बघा ना. माझ्यावर विश्वास नाही तुमचा."

सरांना वाटलं, बाई ताळ्यावर आली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळ्यांच्या देखत पहिला संच चालवला. आजीबाई तळाशी. दुसरा चालवला. आजीबाई तळाशी. सर खुर्चीत मागे रेलले. "बघा! बघा म्हटलं! नवा संच आणा, जुना आणा, माझं झाड हलत नाही."

"दोन्ही संच मी केलेत," ती म्हणाली. "कॉम्प्युटरवर. पहिल्यात ती आजी, दुसऱ्यात बहीण. मी ठरवलंय ना, मला माहीत आहे. तुमची रीत काहीही दिलं तरी एकच सांगते, सर."

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "नाटकं करतेस माझ्यासमोर?" एवढंच म्हणून ते उठून गेले, आणि या वेळी दार त्यांनी आपटलं. खुसपट मात्र हसली. ते हसू चांगलं नव्हतं, ते बघून पोरंसुद्धा तिच्यापासून जरा लांब सरकली.

तो आठवडाभर सरांच्या खोलीचं दार बंद होतं. पाहुणे आले ते टाकी न बघताच परत गेले. आतून फक्त टाकीच्या मोटारीची घरघर आणि कळफलकाचा खडखडाट. पोरं म्हणायची, म्हातारा तिची तक्रार लिहितोय. पाचावर धारण बसावी असंच ते होतं, पण खुसपट तोंडानं म्हणायची, "लिहू दे. व्याकरण तपासून देईन."

सोमवार आला. सर बैठकीला आले ते हातात एक संच घेऊन, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता तू चालव. तुझ्या रीतीनं."

तिला काय ते कळलं, पण नाही म्हणायची सोय कुठे होती? तिनं चालवलं. आंधळा मासा वर, ओढ्यातल्या माशाशेजारी. बहीण.

"चूक," सर म्हणाले. "हा संच मी केलाय. यात ती तळाशी आहे. मीही ठरवू शकतो, मलाही माहीत असतं." आणि सगळ्या पोरांकडे बघत, "हिची रीतसुद्धा खोटं बोलते. लिहून घ्या."

शेरास सव्वाशेर! पोरांच्या डोळ्यांत नुसता आनंद मावेना. केकच्या वेळचे सगळे हिशेब एकदम चुकते झाले. पडद्यावरचं झाड बघत ती तशीच उभी राहिली, आणि मग तिच्या तोंडून नेहमीप्रमाणे खुसपट निघालंच.

"सर, आंधळ्या माशाची फांदी किती लांब धरलीत?"

फांदीची लांबी म्हणजे ती अक्षरं किती बदलली त्याचं माप. जितका जास्त बदल, तितकी फांदी लांब. खऱ्या माशाच्या फांदीची लांबी त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होती.

सरांनी पडद्याकडे बघितलं.

त्या संचात त्यांनी काय धरलं होतं ते एका त्यांनाच माहीत होतं. त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. "खऱ्याइतकीच" असा एक शब्द, आणि हिचं प्रकरण, हिचा प्रबंध, हिची सगळी वर्षं तिथल्या तिथे निकालात निघाली असती. माणूस तिरसट होता, आढ्यताखोर होता, आपलंच घोडं पुढे दामटणारा होता. पण आकडा खोटा सांगायला त्याची जीभ वळेना.

"तिप्पट," ते म्हणाले.

"खऱ्याच्या तिप्पट?"

"ऐकू येत नाही का? खऱ्याच्या तिप्पट. त्याच्या खाली मोडत नाही तुझी रीत. कितीही वेळा चालवली तरी मोडत नाही."

मग कुठे पोरांच्या लक्षात आलं की दार बंद करून म्हातारा आठवडाभर काय करत होता. आधी खऱ्या लांबीनं करून बघितलं असणार. हिनं बरोबर उत्तर दिलं. थोडी वाढवली, बरोबर. आणखी वाढवली, बरोबर. हिला कुठेतरी पाडायचंच या हट्टानं तो एकेक पायरी वर चढत गेला, आणि प्रत्येक पायरीवर त्याला कळत गेलं की आपला खरा मासा तर फार खाली आहे, तिथे हिची रीत चुकत नाही. टाकीतल्या आजीबाई शेजारीच फिरत होत्या.

"बैठक संपली," सर म्हणाले.

सत्र संपायला आलं तेव्हा ती प्रबंध घेऊन त्यांच्या खोलीत गेली. व्हरांड्यात पोरं आपापले कप घेऊन उभीच होती. सरांनी बस म्हटलं नाही आणि ती बसली नाही. त्यांनी पानं चाळायला सुरुवात केली.

"आभारांत माझं नाव दिसता कामा नये."

"नाहीच घातलेलं."

"बरं केलंस." ते त्या प्रकरणापाशी आले. सगळं वाचलं. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं आणि आवाज चढला, इतका की बाहेर ऐकू आला. "हे काय? हे काय लिहिलंयस?"

तिथे तिनं लिहिलं होतं की आपली रीत कुठे मोडते आणि आंधळा मासा त्या मर्यादेच्या आतच कसा येतो, ही चाचणी मार्गदर्शकांनी स्वतः केली.

"मी आभार नको म्हटलं ना तुला!"

"आभार नाहीत ते. कुणी काय केलं ते लिहिलंय."

"माझंच झाड माझ्याच हातानं तोडल्याचं लिहितेस? जन्मभर लोक हे वाचणार आणि माझ्यावर हसणार. काढ ही ओळ."

"खोटी आहे का?"

"काढ म्हणतोय ना!"

"खोटी असली तर काढते, सर. खोटी आहे का?"

सर टाकीकडे बघत राहिले. त्या माशांना डोळे नाहीत, पण काचेवर आपटत मात्र नाहीत. आयत्या वेळी वळतात. मोटार घरघरत होती. दोघांपैकी कुणीच नजर वळवून दुसऱ्याकडे बघत नव्हतं. तिला तो माणूस आवडत नव्हता, या क्षणीही नाही, आणि त्याला ती आवडणं तर शक्यच नव्हतं.

"खोटी नाही," ते म्हणाले.

"मग राहू दे."

त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि प्रबंध टेबलावरून तिच्याकडे असा सरकवला की तो पडता पडता तिनं धरला.

"जाताना दार लावून घे."

बाहेर पोरं वाट बघत होती. खोलीतून ती बाहेर आली, व्हरांड्यातून गेली, जिना उतरली, तरी पोरं तशीच उभी. दार आपटल्याचा आवाज काही आलाच नव्हता.